केस लावून दे

मिशारीची आई बाहेर गाडीत बसली आहे, काच खाली करून.
आत येत नाही. पोराच्या हाती तिने
लवंगांची रिकामी डबी दिली आहे,
पहिली बट तीत ठेवायची.
उद्या तो छावणीत जाणार, सक्तीची नोकरी.
तिथला न्हावी म्हणे मेंढरासारखं भादरतो,
म्हणून आजच, ओळखीच्या हाताने.

फहाहीलच्या या गल्लीत माझी खुर्ची एकच.
मागे बाकावर हवालदार निकम,
समोरच्या इमारतीचा वॉचमन, वडूजकडचा,
पेन्शनीत निघून सोळा वर्षं झाली
तरी दर दुसऱ्या शुक्रवारी हजर.
पोराने आरशातून विचारलं,
'का कापतात हो एवढे?'
अर्धं अरबी, अर्धं हिंदी, सगळं घाबरलेलं.

'उवा,' निकम म्हणाले.
'खंदकात प्यायला पाणी नसतं, डोक्याला कुठलं?
आणि मुखवट्याच्या रबराखाली एक केस अडकला
तरी विषारी वाफ आत शिरते.
शिवाय शत्रूच्या हातात शेंडी द्यायची नसते.'
शेंडीचं अरबी मला आलं नाही.
मी त्याच्या केसांची मूठ धरून दाखवली,
तो हसला.

'सगळे सारखे दिसले की हुकूम सोपा पडतो,'
निकम पुढे म्हणाले, पण हे मला पटत नाही.
माणसं सारखी दिसतात ती केसांत.
केस उतरले की कुणाच्या टाळूवर जुनी खोक,
कुणाचं डोकं मागून चपटं, पाळण्यातलंच,
कुणाच्या कानामागे तीळ, जो त्याने स्वतः कधी पाहिला नाही.
पस्तीस वर्षांत दोन डोकी सारखी
मला भेटलेली नाहीत.

एक मात्र मी बोललो नाही.

त्या फेब्रुवारीत विहिरी पेटल्या होत्या,
दुपारी दोनला कंदील लावून बसलो होतो.
पासपोर्ट मालकाकडे, मालक दम्मामला,
जाणार कुठे?
शटर गुडघ्याएवढं वर उचलून एक जण सरपटत आत आला.
अंगात कुणाचा तरी पांढरा झगा, आखूड,
खाली फौजी बूट.
म्हणाला, 'केस लावून दे.'
मला वाटलं माझं अरबी कच्चं.
त्याने स्वतःच्या डोक्यावरून तळवा फिरवला,
परत म्हणाला, 'लावून दे.
नाक्यावर रुमाल उचलून बघतात.'

कापता येतात, बाबा. लावायची विद्या
माझ्या बापाकडेही नव्हती.
मानेवर, कानांभोवती पांढरा पट्टा,
ऊन न लागलेला, ताज्या कापणीचा.
तेवढाच त्याला धरून देणार होता.
मी कंदिलाची काच काढली,
बोटाने काजळी घेतली,
आणि त्या पट्ट्यावर चोळत राहिलो,
लग्नाआधी हळद लावतात तशी, सावकाश.
माझ्या चपला दिल्या. बूट इथेच राहिले,
बरीच वर्षं, पाण्याच्या टाकीमागे.
नाव त्याने सांगितलं नाही. बसरा, एवढंच.
पोचला का, मला माहीत नाही.

तेव्हापासून मला कारण ठाऊक आहे:
पळालास तर गर्दीत मिसळता येऊ नये,
म्हणून.

मिशारीला म्हटलं, 'घाम येतो ना, म्हणून.'
मशीन लावलं, नंबर एक.
मागे दोन भोवरे निघाले.
'आमच्याकडे म्हणतात, दोन बायका होणार.'
तो लाजला, कानाच्या पाळीपर्यंत.
बट डबीत घातली, झाकण लागेना,
दाबून लावलं.

गाडी गेली. मागच्या काचेतून त्याची मान दिसत होती
सिग्नलपर्यंत, पांढरीफटक.
निकम खुर्चीत येऊन बसले होते.
'नेहमीसारखे?'
'नेहमीसारखे.'
त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधताना आठवलं,
मानेला ऊन लागेल, तेल लाव,
असं पोराला सांगायचं राहिलं.